टिपणीस काकांची चाळलेली माती

आमच्या शेजारचे टिपणीस काका माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. पायाकडे बघतात. गेटमधून कोणी नवीन आत आलं की हे आधी त्याच्या चपलेकडे बघणार, मग चपलेमागे उठलेल्या पावलाकडे, आणि तो माणूस गेल्यावर मला विचारणार, "तो उजवा पाय बाहेर टाकणारा कोण होता?" तो माझा सख्खा मेहुणा होता. किती वेळा ओळख करून दिली असेल, हिशेब नाही. पण काकांच्या लेखी तो 'उजवा पाय बाहेर', मी 'डावी टाच घासतो तो', आणि माझी बायको हेमा म्हणजे 'चाल पास, पण घाई फार'.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. झालो नाही, केला गेलो. ज्या मीटिंगला मी आजारी होतो त्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी एकमताने मला निवडून टाकलं. दिवसभर उल्हासनगरात एका शेठच्या जीन्सच्या कारखान्यात 'साईं, माल निकला क्या' ऐकून कान किटतात, आणि घरी येऊन हेल्मेट काढतो न काढतो तोच कोणीतरी पाण्याच्या टाकीचं गाऱ्हाणं घेऊन दारात उभं असतं. त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडा वैताग दिसला तर समजून घ्या. तो टिपणीस काकांवरचा नाही. तो सगळ्यांवरचाच आहे.

आमची सोसायटी म्हणजे बदलापूरच्या पूर्वेला, कात्रपच्याही पार टोकाला, एका ओळीत बांधलेली जुनी बैठी घरं. प्रत्येक घरामागे मातीची एक पट्टी. कोणी तिला बाग म्हणतं, कोणी अडगळ. त्यामागे कंपाउंडची बुटकी भिंत, मग एक ओसाड प्लॉट, मग नाला, आणि टॉवर मध्ये आले नसतील तिथून डोंगर दिसतो. चिखलोलीच्या बाजूने टॉवर सरकत सरकत येतायत. तिकडची जनावरं जागा सोडून आमच्याकडे सरकतायत, असं काकांचं म्हणणं. "आपण काय वेगळं केलं?" असं ते वर विचारतात.

काकांच्या पट्टीत एक तुळस, एक पपई आणि बाकी नुसती माती. रोज संध्याकाळी चहा झाला की ते खाली बसतात आणि ती माती चाळतात. पिठाच्या चाळणीने. मग एक लांब स्टीलची पट्टी घेऊन ती अशी सपाट करतात की हेमा म्हणते, यांना एकदा आपल्या ओट्याचं प्लास्टर करायला बोलवा. काका अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणीला होते, क्वालिटीत. जन्मभर लोकांनी बनवलेले भाग मोजून पास की रिजेक्ट ठरवायचं. रिटायर झाले, पण ती सवय नाही सुटली. सकाळी ऊन तिरकं असताना ते व्हर्निअर कॅलिपर घेऊन त्या मातीवर ओणवे होतात आणि कोण कोण येऊन गेलं ते वाचतात.

त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "आधी पाऊल, मग नाव." मी दात घासत मागे आलो की आमच्या मधल्या भिंतीवरून मला शिकवणी सुरू. मांजराचं पाऊल गोल, नखं दिसत नाहीत. कुत्र्याची नखं दिसतात. मुंगसाला पाच बोटं, आणि नखं लांब. घोरपड गेली तर मध्ये शेपटीची रेघ ओढल्यासारखी. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं, चिचुंद्रीच्या पुढच्याही पाच. "हे लोक विसरतात," ते म्हणतात. लोक विसरत नाहीत, लोकांना ते मुळात माहीतच नसतं, पण तोंडात ब्रश असताना वाद कसा घालणार?

स्पष्ट उठलेलं पाऊल पास. पुसट असेल तर 'रिवर्क', म्हणजे संध्याकाळी तिथली माती पुन्हा चाळायची. आणि माझ्या मेहुण्याने एकदा पपई तोडायला म्हणून त्या पट्टीत पाय घातला, ते रिजेक्ट. पाऊल नव्हे, मेहुणाच.

शैलाकाकी होत्या तेव्हा हे काही नव्हतं. तेव्हा त्या पट्टीत मोगरा, गवती चहा, कोरफड असं सगळं दाटीवाटीने असायचं. काकी धीट बाई. गल्लीत साप निघाला तर मोठमोठे बाप्ये खुर्च्यांवर चढायचे आणि काकी काठी आणि बादली घेऊन पुढे व्हायच्या. घाबरायच्या त्या फक्त चिचुंद्रीला. कुठे नुसता तो चिकचिक आवाज आला की काकी स्टुलावर, आणि त्यांची किंकाळी थेट गेटपर्यंत. काका मग आतून शांतपणे म्हणायचे, "अगं, एवढुसा जीव तो, तुझ्या अंगठ्याएवढा." काकी स्टुलावरूनच म्हणायच्या, "मग तुम्ही न्या तिला फिरायला." सगळ्या गल्लीला हे पाठ होतं. काकी गेल्या, घरातच, थोड्याशा आजाराने. मुलगा बंगळूरला असतो, तो येऊन सगळं करून गेला. आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात काकांनी मोगरा उपटला आणि माती चाळायला घेतली. आम्ही म्हटलं, वेळ जात नसेल, करू देत.

आता बिबट्याचं सांगतो, कारण पुढचा सगळा डोक्याला ताप तिथून सुरू झाला.

एका सकाळी आमचे चेअरमन मोरे यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. ओल्या मातीत हे एवढं पाऊल. खाली लिहिलं, 'सर्वांनी घरातच थांबावे. बारवीच्या जंगलातून आलेला असावा.' झालं. मुलांना शाळेत पाठवेनात, दूधवाल्याला गेटवरच अडवलं, कोणीतरी गच्चीवरून ताट वाजवायला लागलं. मला शेठचे फोन, की जाधव, किधर है? मी सांगितलं, शेठ, बिबट्या आहे. शेठ म्हणाले, उसको बोल, हाफ डे लेके आ.

तेवढ्यात टिपणीस काका पायजमा वर खोचून एकटेच मोऱ्यांच्या घरामागे गेले. आम्ही खिडक्यांतून बघतोय. काका खाली बसले, व्हर्निअर लावलं, थोडं पुढे सरकले, पुन्हा लावलं. मग उठून मोऱ्यांच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, बिबट्या नखं आत ओढून चालतो, इथे चारही नखं दिसतायत. शिवाय मागच्या डाव्या पायाला एक बोट कमी आहे. मोऱ्यांचा कुत्रा शेरू, त्याचं मागच्या डाव्या पायाचं बोट मागे एकदा गेटमध्ये सापडून तुटलं होतं. तो तेव्हा मोऱ्यांच्या सोफ्यावर, बिबट्याच्या भीतीने पांघरूण घेऊन झोपला होता.

सगळी गल्ली हसली, आणि मोऱ्यांनी ते मनात ठेवलं. मी नसतं ठेवलं असं नाही.

त्यात भर म्हणजे पेस्ट कंट्रोल. सोसायटीत उंदीर झाले म्हणून आम्ही भिंतीलगत औषधाचे डबे ठेवले. दुसऱ्या दिवशी सगळे डबे एका पिशवीत भरून माझ्या दारात. वर काका सांगायला उभे, की माझ्या घराच्या आसपास हे चालणार नाही. मग आम्ही गोंदाचे पुठ्ठे लावले. एका पुठ्ठ्यावर चिचुंद्री चिकटली. काका सकाळपासून शेंगदाण्याचं तेल आणि कापूस घेऊन तिचा एकेक पाय सोडवत बसले. ती त्यांना चावतेय, वास मारतोय, आणि हे "थांब गं, झालं, झालं" म्हणतायत. मी म्हटलं, काका, उंदीर असता तर एवढं केलं असतं का? ते म्हणाले, "उंदीर असता तर विचार केला असता." मी कपाळाला हात लावला आणि कामावर गेलो.

मोऱ्यांनी मग मीटिंग बोलावली. विषय, मागच्या सगळ्या पट्ट्यांवर पेव्हर ब्लॉक घालणे. पावसात चिखल होतो, साप येतात, उंदीर बिळं करतात, तण माजतं. सगळं खरं होतं, खोटं काहीच नव्हतं. कागदोपत्री त्या पट्ट्या सोसायटीच्याच, एकाच्या म्हणण्याने काही अडत नाही. सगळ्यांनी हात वर केले. काका एकटे उभे राहिले.

"फरशीवर पाऊल उठत नाही," ते म्हणाले.

मोरे म्हणाले, "काका, पाऊल उठू नये म्हणूनच घालतोय."

कोणीतरी समजूत घालायला सुचवलं, की तुम्ही एका मोठ्या ट्रेमध्ये माती भरून ठेवा ना, हौस भागेल. काका म्हणाले, मुद्दाम ट्रेमध्ये चढून चालायला कोण येणार आहे? लोक हसले. काका मात्र हसले नाहीत. ते खाली बघत होते, मोऱ्यांच्या हॉलच्या फरशीकडे, आणि त्या फरशीवर काहीच उमटलेलं नव्हतं. मीटिंग संपताना मोऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जाधव, तुम्ही शेजारी आहात, म्हाताऱ्याला समजवा. म्हणजे हेही काम माझ्याच गळ्यात.

ब्लॉक बसवणारी माणसं सोमवारी येणार होती. रविवारी सकाळी मी गेलो. एकच सुट्टी मिळते आठवड्याची, ती अशी.

काका पट्टीत ओणवे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "टाच आज जास्त घासताय." मग त्यांनी मला सकाळचं वाचून दाखवलं. मांजर आली, पपईपर्यंत गेली, परत फिरली. मुंगूस सरळ आरपार गेलं, त्याला काम असणार. मी म्हटलं, काका, उद्या माणसं येणार आहेत. आत जाऊन त्यांनी चहा केला, स्वतःच, दूध उतू घालवून. मला कप दिला आणि समोर बसले. मी मनात वाक्यं जुळवत होतो, की काका, सगळ्यांचा विचार करावा लागतो, मीसुद्धा मध्ये अडकलोय. तेवढ्यात तेच बोलायला लागले.

काकी गेल्या तेव्हाचं सांगत होते. आपल्याकडे करतात तसं, आतल्या खोलीत काकी जिथे गेल्या तिथे ताटलीभर पीठ पसरलं होतं, शेजारी दिवा लावला होता, वर टोपली झाकली होती. दहाव्याला टोपली उचलून पिठावर कशाचं पाऊल उमटलंय ते बघायचं, गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते त्यावरून ठरवायचं. काकांचा असल्यावर विश्वास नाही, पण घर पाहुण्यांनी भरलेलं, नको कोणाला म्हणणार? टोपली उचलली. पिठावर खरंच ठसे होते.

"तिचा भाऊ म्हणाला, पक्षी आहे, शैला सुटली. माझी बहीण म्हणाली, गाईचं पाऊल आहे. त्या एवढ्याशा ताटलीत गाय कुठून मावायची? पण ती रडतच होती, तिला काय विचारणार. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, तुम्ही सांगा, तुमचं कामच ते. आणि जाधव, मला सांगता येईना. जन्म गेला तपासणीत आणि माझ्या बायकोच्या पिठावर कोण चालून गेलं ते मला ओळखता येईना."

ते चहाचा कप फिरवत राहिले. मग म्हणाले, ते मनातून जाईना म्हणून माती चाळायला घेतली. जे येईल त्याचं पाऊल बघायचं, मापायचं, पिठावरच्या ठशाची मापं तेव्हाच टिपून ठेवली होती, त्यांच्याशी ताडून बघायचं. मांजर नाही. मुंगूस नाही. उंदीर जवळचा वाटला, पण बोटं जुळेनात. आणि मग एका सकाळी तुळशीमागे तोच ठसा. तेवढाच. पुढच्या पायाला पाच बोटं, मागे शेपटीची बारीक रेघ.

मी म्हटलं, "चिचुंद्री?"

"चिचुंद्री," काका म्हणाले.

मला स्टुलावरच्या काकी दिसत होत्या. हसू येत होतं, आणि ते दाबताना माझा चहा गार झाला.

"टोपलीखालून पीठ खायला शिरली असणार, एवढं मला कळतं," काका म्हणाले. "मी काय खुळा नाही. असलं मी मानत नाही. पण ठसा तोच आहे, तो मी नाही कसा म्हणू? ती आयुष्यभर जिला घाबरली, आणि मी आयुष्यभर तिला हसलो. म्हटलं, ये बाई. कशीही ये. आठवड्यातून एखाद दिवस येते. सकाळी बघितलं आणि पाच बोटं दिसली, की दिवस बरा जातो. फरशी घातली तर येईलही ती, नाही असं नाही. पण आली होती की नाही, ते मला कळणार नाही."

मी सेक्रेटरी म्हणून जी वाक्यं जुळवून आणली होती ती तशीच घेऊन घरी परत आलो.

हेमाला सांगितलं. तिने आधी गॅस बंद केला, मग ओट्याला टेकून उभी राहिली. "अगं बाई," एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. काकींनी तिला पहिल्या बाळंतपणात डिंकाचे लाडू करून घातले होते.

सोमवारी ब्लॉकचा टेम्पो आला तेव्हा मी मुकादमाला सांगितलं, की टिपणीसांच्या आणि माझ्या घरामागून ड्रेनेजची नवीन लाईन जायची आहे, तूर्त ते दोन तुकडे सोडा. ड्रेनेजची कुठलीही लाईन जाणार नव्हती. मोरे फोनवर बराच वेळ बोलले. लाईन कोणी मंजूर केली, कधी केली, चेअरमनला माहीत कसं नाही? मी म्हटलं, साहेब, तुम्हाला सेक्रेटरी बदलायचा असेल तर मी आजच राजीनामा देतो. मोऱ्यांनी फोन ठेवून दिला. दुसरा सेक्रेटरी मिळणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

ब्लॉक बसले. लाल आणि राखाडी, नागमोडी, दिसायला छान. पण त्या ठोकाठोकीने, सिमेंटने आणि माणसांच्या वर्दळीने मागची सगळी ये-जा बंद झाली. मुंगूस गेलं. मांजर तेवढी यायची, तिला कशाचं काही नसतं. काका रोज संध्याकाळी माती चाळायचे, रोज सकाळी ओणवे व्हायचे. मी भिंतीवरून विचारायचो, आज काय काका?

"मांजर."

"आणि?"

"आणि नाही."

आठवडा गेला, दुसरा गेला. काका व्हर्निअर आणेनासे झाले. मांजरासाठी कशाला लागतं व्हर्निअर? दाढी वाढली. एकदा मी मुद्दाम चप्पल फरफटवत गेलो, पण माझ्या टाचेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हा मात्र मला काळजी वाटायला लागली. मीच ती जागा वाचवली आणि तरी ती वाया गेली असं वाटून मी स्वतःवरच चिडत होतो. थकून आलेल्या माणसाने आणखी काय करायचं? चिचुंद्री काही भाड्याने आणता येत नाही.

परवा संध्याकाळी दिवेलागणीला मी नुकता येऊन बसलो होतो. स्वयंपाकघरातून चिकचिक आवाज आला. हेमा झाडू घेऊन धावली, मी मागे. पिठाच्या डब्यापाशी सांडलेल्या पिठात एक चिचुंद्री नाक वर करून हुंगत होती. हेमाने झाडू उगारला, आणि तसाच धरून उभी राहिली. मग तिने तो खाली ठेवला. डब्यातलं मूठभर पीठ घेतलं, मागचं दार उघडलं, आणि उंबऱ्यापासून काकांच्या बाजूच्या भिंतीतल्या पाणी जायच्या भोकापर्यंत पिठाची बारीक धार सोडली. आम्ही दोघं ओट्याला चिकटून उभे. ती भिंतीच्या कडेकडेने आली, थांबली, हुंगली, पुन्हा चालायला लागली. हेमा, जी पाहुण्यांनाही दारापर्यंत पोचवायला कंटाळते, हळू आवाजात म्हणाली, "काकी, सरळ जा. तिकडे वाट बघतायत."

ती भोकातून पलीकडे गेली.

सकाळी मी नेहमीसारखा ब्रश घेऊन मागे आलो. काका भिंतीपाशी उभेच होते. दाढी केलेली, हातात व्हर्निअर. मी सवयीने पाय मागे घेतला, पण ते पायाकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांचे डोळे असे समोरून दिसले. घारे आहेत.

"आली होती," ते म्हणाले. "तुमच्या बाजूने आली."

"हो," मी म्हटलं. "काकी जरा आमच्याकडे टेकल्या होत्या."